तिसरी सवारी

उज्जैनला मी आयुष्यात दोनदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा एकवीस वर्षांची होते. बरोबर आई, पत्र्याची ट्रंक आणि दशम्यांचा डबा होता. दुसऱ्यांदा गेले ती यंदा, श्रावण लागताच, एकटी, चाकांची बॅग ओढत. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत तिकडून बोलावणी पुष्कळ आली. लग्नं झाली, मुंजी झाल्या, सिंहस्थ येऊन गेले. प्रत्येक वेळी मी काही ना काही सबब काढली. मिरजेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी तीस-बत्तीस वर्षं रक्त तपासत होते, त्यामुळे 'रजा नाही' ही सबब कायम हाताशी असे. निवृत्त झाल्यावर गुडघा कामाला आला.

मला सोडायला मिरज स्टेशनवर माझे यजमान आले होते. बॅग वर चढवून देताना म्हणाले, "जे विचारायचं ते विचारून ये. आणखी चाळीस वर्षं थांबायची सोय नाही आता."

त्यांना सगळं ठाऊक आहे. पाहायला आले होते तेव्हाच मी त्यांना सांगून टाकलं होतं की माझ्या मनात माझा आतेभाऊ होता, आम्ही भेटायचं ठरवलं होतं आणि तो आला नाही. त्यावर ते म्हणाले होते, "आला नाही हे माझं नशीब." त्याच वाक्यावर मी लग्नाला हो म्हटलं.

तो आतेभाऊ म्हणजे मुकुंद. माझी आत्या उज्जैनला दिली होती. तिच्या सासरचे लोक शिंद्यांच्या दप्तरात कारकुनी करायला म्हणून माळव्यात गेले आणि तिकडचेच झाले. दर मे महिन्यात आत्या मुलांना घेऊन मिरजेला माहेरी यायची. आमच्यात मामाची मुलगी केलेली चालते, त्यामुळे मुकुंद दहा वर्षांचा आणि मी आठची असल्यापासून सगळे आम्हाला चिडवत. "नली, तुझा नवरा आंबे चोरतोय बघ." एवढं चिडवल्यावर माणसाचं प्रेम बसू नये, पण आमचं बसलं. चिडवणाऱ्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

मी एकवीस वर्षांची असताना पावसाळ्याच्या तोंडाला त्याचं पत्र आलं. आंतरदेशीय पत्र, निळं. ते मी फाडून टाकलं, पण पाठ आहे. 'सुमीची मंगळागौर आहे, आई तुम्हाला बोलावणारच. तू काहीही करून जरा आधी ये. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी महाकालाची सवारी रामघाटावर येते. घाटाजवळ पिंपळाचा पार आहे, तिथे मी उभा राहीन. आलीस तर मामांशी बोलायला मी मिरजेला येतो. नाही आलीस तर मी समजेन, आणि हा विषय तुझ्याजवळ पुन्हा कधी काढणार नाही. मग आपण भाऊबहीण म्हणून राहू, तेही काही कमी नाही.' सुमी म्हणजे त्याची बहीण. तिचं त्याच वर्षी लग्न झालं होतं.

मी आईच्या मागे लागून मंगळवारच्या मंगळागौरीला आदल्या दिवशी, श्रावणाच्या पहिल्या सोमवारी, उज्जैनला पोचेन असं केलं. दुपारी पोचलो. चार वाजता मी देवदर्शनाच्या नावाखाली एकटी घाटावर गेले. पाराशी तीन तास उभी राहिले. पाऊस आला, सवारी आली, हत्ती आला, हत्तीला वाट द्यायला गर्दी मागे सरली आणि त्यात माझी एक चप्पल गेली. मुकुंद आला नाही. एका पायात चप्पल घालून घरी आले तेव्हा आत्याकडून कळलं, त्याला ग्वाल्हेरला बँकेत नोकरी लागली होती आणि आठवड्यापूर्वीच तो निघून गेला होता. माझ्यासाठी निरोप नाही, चिठ्ठी नाही. मी रात्रभर तापाने फणफणले आणि दुसऱ्या दिवशी मंगळागौरीच्या फुगड्या घातल्या. मी कुणाला काही विचारलं नाही. माझा स्वभावच तसा आहे.

त्याने शब्द पाळला, हे मात्र म्हणायला हवं. माझ्या लग्नात त्याने पंगतीत जिलबी वाढली. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा तो महिनाभर रजा काढून मिरजेला येऊन राहिला. त्यांना न्हाऊमाखू घालणं, पाय चोळणं, सगळं त्याने केलं. माझ्या सख्ख्या भावाला ते जमलं नाही. माझ्या मुलांचा तो लाडका मुकुंदमामा होता. पण त्या सोमवारबद्दल तो चकार शब्द बोलला नाही आणि मीही नाही.

फक्त शेवटची बारा वर्षं एक नवीन प्रकार सुरू झाला होता. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. "नली, ऐकतेस ना? मी घाटावर आलोय," एवढं म्हणून तो फोन सवारीच्या दिशेने धरायचा. झांजा, डमरू, लोकांचा गलका. मला मनातून राग यायचा. जिथे यायचं तिथे आला नाहीस आणि आता तिथूनच फोन कसले करतोस? "इथे कुकरच्या शिट्ट्या चालल्यात, मुकुंद, ठेवते," असं म्हणून मी फोन ठेवून द्यायची.

गेल्या वर्षी आषाढात तो गेला. सकाळी फिरून आला, खुर्चीत बसला आणि संपलं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वीच झालेलं, मला जाता आलं नाही. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सहा वाजता मी कुकर लावलाच नव्हता. फोनकडे बघत बसले होते. तो येणार नाही हे कळत असूनही सात वाजेपर्यंत बसले.

म्हणून यंदा गेले. तो त्या दिवशी का आला नाही, एवढं मला हवं होतं. सांगणारा उरला नव्हता, पण त्याची बायको उषावहिनी होती. तिला असं काही विचारायचं कसं, याचा विचार पुण्यापासून रतलामपर्यंत केला आणि उत्तर सापडलं नाही.

इंदूरची गाडी पुण्याहून दुपारी निघते आणि सकाळी उज्जैनला पोचते. रतलाम सोडल्यावर उजाडलं. माळव्याची जमीन मी विसरले होते. काळी, सपाट, सोयाबीनने हिरवीगार भरलेली. नजर अडेल असा एक डोंगर नाही. आमच्याकडे कुठेही बघितलं तरी कुठली तरी टेकडी मध्ये येते. इथे आभाळ थेट शेतावर टेकलेलं होतं. समोरच्या बाकावरचा माणूस फोनवर 'जय श्री महाकाल' म्हणाला, मग बायकोला चहा टाकायला सांगितला, आणि पुन्हा 'जय श्री महाकाल' म्हणून फोन ठेवला.

रविवार होता. स्टेशनबाहेर ई-रिक्षा केली. चालक साठीचा असेल, कपाळभर त्रिपुंड्र.

"सवारी देखने आई हैं, माताजी?"

"हां," मी माझ्या मिरजेच्या हिंदीत म्हटलं. "उद्या, मतलब कल, पहिली सवारी है ना?"

"पहली?" त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "पहली को तो दो हफ्ते होने आए. कल तीसरी है."

"लेकिन श्रावण तो परसोंच लगा."

"महाराष्ट्र से हैं ना आप? आपका सावन देर से लगता है. हमारा तो गुरु पूर्णिमा के अगले दिन लग गया. बाबा तभी से निकल रहे हैं."

आता, उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत शिकले होते, टीव्हीवर कावडवाले बघून दर वर्षी म्हणतही होते, 'यांचा श्रावण लागला वाटतं.' पण माहीत असणं वेगळं आणि ते आपल्या आयुष्याला लावून पाहणं वेगळं. त्या निळ्या पत्राला मी ते कधीच लावून पाहिलं नव्हतं. रिक्षा फ्रीगंजच्या टॉवरपाशी आली, दुकानं उघडत होती, आणि मी बोटांवर सोमवार मोजत होते.

उषावहिनी फ्रीगंजमध्येच तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते. मुलगी बंगळूरला असते, त्यामुळे आता एकटीच. नात्याने मी तिची नणंद, पण तिने मला कधी नणंद होऊ दिलं नाही. दारातच तिने मला मिठी मारली.

"या नलूताई. गाडी टाइमवर आली न? मी तर पाच वाजेपासून वाट पाहून राहिले. आधी पोहे खा, मग आंघोळ."

पोहे वाफेवर ठेवलेले, पिवळे, वर शेव आणि जिरावन (इकडचा आंबट-तिखट मसाला), सोबत जिलबी. सकाळी सातला पोह्यांबरोबर जिलबी खाणारं गाव वाईट असणं शक्य नाही, असं मुकुंद म्हणायचा. भिंतीवर त्याचा फोटो होता. बँकेतल्या निरोपसमारंभाचा असावा. टाय लावलेला आणि हसू दाबलेलं. मी फोटोकडे नीट पाहिलं नाही, पोह्यांकडे पाहिलं.

"वहिनी, उद्याची सवारी तिसरी म्हणे?"

"हो न. आमचं असंच आहे. घरात मराठी श्रावण, दाराबाहेर हिंदी. उपास उद्यापासून धरायचे, मंगळागौर आपल्या हिशोबाने, आणि सवारी त्यांच्या. पण गंमत पहा, महाकाल त्यांचा सावन संपला तरी थांबत नाही. आपला श्रावण संपतो तोवर दर सोमवारी निघतो. शिंद्यांच्या काळापासून चालतं आहे म्हणतात. त्याने दोन्ही धरून ठेवले."

"आणि पहिल्या सवारीला हत्ती असतो का?" मी जिलबी मोडता मोडता विचारलं.

"न. पहिलीला फक्त पालखी. दर सोमवारी देवाचं एक रूप वाढतं. दुसऱ्या सोमवारी हत्ती येतो, तिसऱ्याला रथ, असं. हत्ती दिसला की समजायचं, पहिली होऊन गेली."

मी हत्ती पाहिला होता. त्याच्या पायावर खडूने काढलेली वेल मला अजून आठवते, कारण चप्पल गेली तेव्हा मी त्या पायाकडेच बघत होते.

आंघोळीच्या निमित्ताने मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. लॅबमध्ये आम्ही नव्या मुलींना पहिला धडा द्यायचो: नळीवरचं लेबल वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांची लेबलं वाचली. तो आला होता. चौदा दिवस आधी, हत्ती नसलेल्या सवारीला, त्या पाराशी तो उभा राहिला होता आणि मी मिरजेत चकल्या तळत होते. त्याने समजून घेतलं आणि ग्वाल्हेरला निघून गेला. आणि मग मी मंगळागौरीला आले, म्हणजे घरच्या कार्याला आले पण त्याच्या सोमवारी आले नाही, असंच त्याला शेवटपर्यंत वाटलं असणार. मला रडू आलं. पाण्याच्या आवाजात रडले, मग तोंड धुऊन बाहेर आले.

दुपारी वहिनी आडवी झाली तेव्हा मी रिक्षा करून वेधशाळेत गेले. घरात बसवत नव्हतं. क्षिप्रेच्या वरच्या अंगाला दगडचुन्याची ती यंत्रं आहेत, पुरुष-दोन पुरुष उंच, मोकळ्या गवतात. एक मोठा जिना आभाळाकडे जातो आणि मध्येच संपतो. त्याच्या दोन्ही अंगांना वळलेल्या भिंती, त्यांवर रेघा कोरलेल्या. जिन्याची सावली त्या रेघांवरून सरकते आणि वेळ सांगते. ढग होते, सावली नव्हती. तिथला माहितगार, एक किडकिडीत गृहस्थ, म्हणाला, "पाँच मिनट रुकिए, निकलेगा."

आणि निघाला. ढग फाटला, दगडावर एकाएकी धारदार काळी कड उमटली, आणि बघता बघता ती एका रेघेवरून पुढच्या रेघेकडे जाऊ लागली. पृथ्वी फिरते हे मला साठ वर्षं माहीत आहे; फिरताना मी पहिल्यांदा पाहिली. मी घड्याळ बघितलं. सावली माझ्या घड्याळाच्या जवळजवळ अर्धा तास मागे होती.

"चूक आहे," मी मराठीतच बोलून गेले.

"गलत नहीं है, मैडम," तो म्हणाला. "ये उज्जैन का टाइम है. आपकी घड़ी पूरे देश का टाइम बताती है. दोनों सही हैं. इधर बोर्ड पर लिखा है, किस महीने में कितना जोड़ना है."

मी बोर्ड वाचला. महिन्यांची नावं आणि त्यांच्यापुढे मिनिटं, स्वच्छ अक्षरात. इतकी साधी गोष्ट होती, आणि कुणीतरी ती रंगाने लिहून ठेवायची तसदी घेतली होती. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. परत येताना एक ठरवलं: वहिनीला काही सांगायचं नाही. नवऱ्याला जाऊन वर्ष झालेल्या बाईला, तुझा नवरा जिच्यासाठी थांबला होता ती खरं म्हणजे आली होती, हे सांगून काय साधणार? ज्याला सांगायला हवं होतं तो फोटोत होता.

सोमवारी उपास. वहिनीने साबुदाण्याची खिचडी केली. इकडे ती वाफवतात आणि वर फरियाली (उपवासाचा) चिवडा घालतात. दोन वाजताच आम्ही निघालो, कारण पुढे रस्ते बंद होतात. वहिनी दोन रेनकोट घेऊन आली. एक निळा पुरुषी, खूप मोठा. "ह्यांचा आहे. घाला, चालेल," ती म्हणाली. मी घातला. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या.

पिंपळ आहे अजून. पाराला आता चकचकीत टाइल्स लावल्या आहेत आणि समोर लोखंडी कठडे आलेत. खाली क्षिप्रा फुगलेली, चहाच्या रंगाची. काठावरची छोटी देवळं कळसापर्यंत बुडालेली. घाटावर मुंगीला जागा नव्हती. बायका पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या होत्या, म्हातारे पायऱ्यांवर पंचा डोक्यावर घेऊन बसले होते. एका पोलीस बाईने आम्हाला दोघींना पाहून कठड्याच्या आत पाराच्या कडेला बसू दिलं. मी बसले आणि माझ्या लक्षात आलं की मी त्याच कोपऱ्यात आहे.

"हे इथेच उभे राहायचे," उषावहिनी म्हणाली.

मी रेनकोटच्या बाहीची दुमड सोडली आणि पुन्हा घातली.

"मला माहीत आहे, नलूताई. लग्नाआधीच ह्यांनी सांगून दिलं होतं. मामाच्या मुलीला विचारलं होतं, पहिल्या सवारीला इथे वाट पाहिली, ती आली नाही. लग्न झाल्यावर पण दर वर्षी पहिल्या सवारीला यायचे. एकटे. मी म्हणायची, जाऊन या. मी खिचडी करून ठेवायची."

"तुला राग नाही आला?"

"पहिले दोन-तीन वर्षं आला. मग नाही." तिने डोक्यावरची टोपी नीट केली. "पण एक गोष्ट मला कधी समजलीच नाही. आमच्या मुलीची मंगळागौर झाली न, तेरा-चौदा वर्षं झाली असतील, त्यानंतर ह्यांनी पहिली सवारी एकदम सोडून दिली. तिसरीला यायला लागले. मी विचारलं, हे काय नवीन? तर म्हणे, उषा, आपला श्रावण आज लागला, आपला पहिला सोमवार आज. आणि इथून कुणाला तरी फोन लावायचे. मला वाटायचं, बँकेतल्या मित्राला."

बारा वर्षं. ते फोन मलाच येत होते. "त्या मंगळागौरीला काय झालं होतं?"

"काय होणार? गाणी, खेळ. तुमच्या आत्या होत्या तेव्हा. त्यांनी सगळ्यांना हसवून हसवून मारलं. सुमीताईंच्या मंगळागौरीला..." आणि ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "सुमीताईंच्या मंगळागौरीला आमची नली आली होती, आदल्या दिवशी एकटी घाटावर गेली, हत्तीला घाबरली, आणि एक चप्पल टाकून भिजत घरी आली. असं सांगून राहिल्या होत्या. सगळे हसले. हे उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, फोन आला."

लांबून डमरूंचा आवाज यायला लागला होता.

"आदल्या दिवशी म्हणजे सोमवारी," वहिनी हळूच म्हणाली. ती दोन्ही श्रावणांत वाढलेली बाई. तिला बोर्ड वाचावा लागला नाही. "हत्ती होता. म्हणजे आपला पहिला सोमवार. तुम्ही आला होता, नलूताई."

काही न सांगण्याचा माझा निश्चय एक दिवससुद्धा टिकला नाही. "आले होते," मी म्हटलं. "तीन तास उभी होते."

मला तिच्याकडे बघवेना. मग ती म्हणाली, "मला सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी काय केलं असतं? रेनकोटच दिला असता."

"मलाही सांगितलं नाही त्याने."

"तुम्हाला कसं सांगणार? विषय काढणार नाही असा शब्द दिला होता न."

तिने माझा हात धरला, आणि सवारी आली. तिचं वर्णन करायला माझ्याजवळ शब्द पुरे नाहीत. आधी नुसता आवाज, शेकडो झांजा आणि डमरू एका ठेक्यात, छातीच्या पिंजऱ्यात शिरणारा. मग घोडे, पोलिसांचा बँड, भस्म फासलेले भजनी. घाटाच्या वर रस्त्यावर हत्ती येऊन उभा राहिला, पायावर तशीच वेल. आणि मग पालखी, फुलांनी लहान झालेली, माणसांच्या लाटेवर डोलत खाली उतरली. राजा गावात फिरायला निघाला आहे, इतका साधा तो भाव होता. पुजाऱ्यांनी क्षिप्रेचं पाणी आणून देवाला घातलं आणि एवढी गर्दी क्षणभर गप्प झाली. मी देवभोळी नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच पालखीसमोर मी उभी होते आणि मला एक रिकामी जागा सोडून काहीच दिसलं नव्हतं. आज मी त्याचा रेनकोट घालून, त्याच्या बायकोचा हात धरून पालखी पाहिली, पूर्ण पाहिली. बारा वर्षं तो मला हेच ऐकवत होता. मी आलोय, तुझ्या सोमवारी आलोय. एवढंच त्याला शब्द न मोडता सांगता येत होतं, आणि मी कुकरचं कारण सांगून फोन ठेवत होते.

मी मोठ्याने रडले. तिथे कुणी वळूनही पाहिलं नाही. निम्मे लोक रडतच होते.

आणखी दोन दिवस राहिले. वहिनीने दाल-बाफले करून घातले, भुट्ट्याचा कीस घातला, मुकुंदच्या कपाटातून मला त्याचा मफलर दिला. परतीच्या गाडीत मी बहुतेक वेळ झोपले.

मिरजेला हे घ्यायला आले होते. बॅग घेत म्हणाले, "विचारलंस?"

"विचारावं लागलं नाही. आला होता तो. माझ्या आधी चौदा दिवस." आणि स्टेशनच्या पुलाचा जिना चढता चढता सगळं सांगितलं.

ते पुलावर थांबले. बॅग या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे माझं नशीब पंचांगाने लिहिलं," म्हणाले. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "वाईट झालं, नलिनी. खरंच वाईट झालं." त्यांना ते मनापासून वाटत होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रस्त्यात, लोकांसमोर, हाताला धरलं.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी कुकर लावला होता. दोन शिट्ट्या झाल्या आणि फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'मुकुंद उज्जैन'. मी ते पुसलेलं नव्हतं.

"नलूताई, ऐकताय न?" उषावहिनीचा आवाज, मागे डमरू. "तुमचा नंबर ह्यांच्या फोनमध्ये होता, म्हणून यावरूनच लावला. मी घाटावर आले आहे."

तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद केला.

"ऐकतेय," मी म्हणाले. "मीही आलेय."